बंद दाराची परीक्षा

मॅरिटने दारावर तीनदा टकटक केलं आणि शिकवल्याप्रमाणे एक पाऊल बाजूला सरकून उभी राहिली. आतून उत्तर आलं नाही. तिने गळ्यातला 'उमेदवार' लिहिलेला बिल्ला सरळ केला, घड्याळ पाहिलं आणि पुन्हा टकटक केलं.

"मी मॅरिट सॉर्ली. वसतिगृह विभागाकडून आलेय. आत येऊ का?"

"या नाहीतर जा," आतून आवाज आला. "दार उघडंच आहे."

सुरुवात तर झकास, मॅरिटला वाटलं. सकाळपासून ती नुसती धावत होती. विद्यार्थी कल्याणाच्या एम.ए.ला तिला या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता, पण असिस्टंटशिपशिवाय त्या प्रवेशाच्या पत्राला रद्दीची किंमत होती. आठवड्याचे वीस तास एखाद्या कार्यालयात राबायचं आणि त्या बदल्यात फी माफ, राहायला खोली. जागा अकरा, उमेदवार चौसष्ट. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतही ती इथे येऊन हात हलवत परत गेली होती. गावच्या लहानशा कॉलेजात वसतिगृहाच्या टेबलामागे बसून तिने सात वर्षं पोरांच्या हरवलेल्या किल्ल्या शोधून दिल्या होत्या, आणि तिशी चार महिन्यांवर आली होती. तिसऱ्यांदा अर्ज करायची तिच्यात ताकद नव्हती.

आजच्या दिवसात दोनच गोष्टी निभवायच्या होत्या. बारा वाजता संचालक डॉ. प्रुएट यांच्यासमोर मुलाखत, आणि त्याआधी ही बंद दाराची परीक्षा. जुन्या असिस्टंटांपैकी कुणीतरी दाराआड बसून रडणाऱ्या, चिडलेल्या किंवा पिऊन पडलेल्या विद्यार्थ्याचं सोंग घेतं. उमेदवाराने दार वाजवून आत जायचं आणि प्रसंग निभावून न्यायचा. परीक्षक खोलीतच कुठेतरी असतात, त्यांच्याकडे बघायचं नाही, अशी सूचना होती.

आत अठरा-एकोणीस वर्षांची एक मुलगी पलंगावरची चादर ओढून सूटकेसमध्ये कोंबत होती. तिचे डोळे सुजले होते. कांदे चिरून बसली असणार बिचारी, मॅरिटने मनातल्या मनात दाद दिली. दुसऱ्या पलंगावर रजईखाली चांगला मोठा उंचवटा दिसत होता. परीक्षक! मॅरिटने मुद्दाम तिकडे पाठ केली, पण आवाज जरा चढा ठेवला, त्याला नीट ऐकू जावं म्हणून.

"मी खाली बसले तर चालेल?"

"खुर्ची आहे की."

"मला इथेच बरं वाटतं." विद्यार्थ्यापेक्षा खालच्या पातळीवर बसावं, असं तयारीच्या पुस्तकात होतं. ती फरशीवर मांडी घालून बसली. "तुझं नाव काय?"

"डार्बी."

"डार्बी, तू सामान भरते आहेस असं दिसतंय. त्याबद्दल बोलावंसं वाटतं का?"

"नाही."

"म्हणजे आत्ता तुला बोलावंसं वाटत नाहीये, असं मी ऐकतेय."

मुलीचे हात थांबले. "तुम्ही बँकेच्या फोनसारखं काय बोलताय हो? तक्रारीसाठी दोन दाबा?"

मॅरिटला हसू आवरेना. कुणीतरी कसलेली नटी बसवलीय आपल्या वाट्याला, तिला वाटलं, आणि तिचा हुरूप वाढला.

"कुठे चाललीस?"

"घरी. बाबा निघालेत सकाळी सातला. साडेअकरापर्यंत पोचतील."

"आणि परत कधी?"

"परत नाही."

"त्यांना कारण काय सांगितलंस?"

"गणित झेपत नाही म्हणून." मुलीने मोज्यांचा एक गोळा सूटकेसमध्ये फेकला. "गणितात मी वर्गात पहिली आहे."

"मग?"

डार्बी पलंगाच्या कडेला बसली. सूटकेसच्या चेनशी चाळा करत ती म्हणाली, "त्यांना वाटतं, मला इथे चार मैत्रिणी आहेत. दर रविवारी फोनवर मी त्यांच्या गंमती सांगते. कोण कुणावर रुसली, कुणाचे केस कापले. एकीचं नाव तर शाम्पूच्या बाटलीवरून ठेवलंय. आज म्हणाले, निघण्याआधी त्या चौघींना भेटूनच जाऊ. आता त्या कुठून आणू मी?"

मॅरिटने मान हलवली. गोष्ट चांगली रचली होती.

"हे कुणाला सांगू नका हं," मुलगी एकदम म्हणाली.

हाच तो सापळा. गुप्ततेचं वचन कधीही द्यायचं नाही. भले भले उमेदवार इथेच घसरतात. मॅरिटने पाठ ताठ केली, मान किंचित रजईकडे वळवली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "तसं वचन मी देऊ शकत नाही, डार्बी. तुझ्या सुरक्षिततेचा प्रश्न आला, तर मला वरिष्ठांना सांगावंच लागेल."

"तुम्ही कुणाशी बोलताय?"

"तुझ्याशीच."

"नाही. तुम्ही माझ्या धुण्याशी बोलताय." डार्बी उठली आणि तिने रजई ओढली. खाली आठवड्याभराचे मळके कपडे होते. "इथली मुलगी ऑक्टोबरातच दुसरीकडे राहायला गेली. तेव्हापासून मी तिथे कपडे टाकते."

त्याच वेळी मॅरिटचा फोन थरथरला. पडद्यावर दोन ओळी होत्या. आम्ही ३१८ पूर्वमध्ये तुमची वाट पाहत आहोत. तुमच्या वेळेतली सात मिनिटं उरली आहेत.

मॅरिटने दाराकडे पाहिलं. ३१८, पश्चिम. घाईघाईत तिने नुसता आकडा वाचला होता.

ती उठली. पुस्तकात यावर काही नव्हतं. डार्बीने तिच्या गळ्यातला बिल्ला आता कुठे नीट वाचला.

"उमेदवार," ती म्हणाली. "म्हणजे मी तुमची परीक्षा होते?"

"मी दहा मिनिटांत येते. तू इथेच थांब. कुठे जाऊ नकोस."

"जा हो तुम्ही. उशीर होईल."

आणि मॅरिट गेली. दोन्ही भागांना जोडणाऱ्या लांबलचक बोळातून ती पळत गेली. जे झालं त्याची लाज वाटत होती, आणि तरी पाय पळतच होते. वर्षभर घोकलेली वाक्यं, चौसष्ट माणसं आणि अकरा खुर्च्या. सात मिनिटांतली सहा तरी हाती लागावीत, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

३१८ पूर्वमध्ये एक दाढीवाला तरुण घरच्या कुत्र्याच्या आठवणीने भोकाड पसरून बसला होता. कोपऱ्यात क्विंटन नावाचा दुसऱ्या वर्षाचा असिस्टंट मांडीवर कागद घेऊन बसला होता. मॅरिट या वेळी खुर्चीवर बसली. पुस्तकातलं एकही वाक्य तिच्या तोंडून आलं नाही.

"घरी फोनवर काय सांगतोस?" तिने विचारलं. "आणि त्यातलं खोटं किती?"

दाढीवाला रडायचा थांबला. त्याला पाठ करून दिलेल्या उत्तरांत याचं उत्तर नव्हतं. खरंच विचारात पडल्यासारखा तो छताकडे बघत राहिला. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा क्विंटनने पेन खाली ठेवलं.

"वा! हा प्रश्न आमच्या यादीतही नाही. कुठे शिकलात?"

"पश्चिमेला. ३१८मध्ये." मॅरिटला स्वतःची किळस आली. "डार्बी नावाची मुलगी आहे. तिच्याबद्दल काय माहिती आहे तुम्हाला?"

"डार्बी क्लाइन? माझ्याच भागातली. तिची काही कटकट नाही हो. गरीब गाय आहे." त्याने फोनवर बोट फिरवलं. दर पंधरवड्याला प्रत्येक मुलाशी बोलून एक ओळ नोंदवायची, असा नियम होता. "हे बघा, सप्टेंबरपासून प्रत्येक नोंदीत 'छान चाललंय' आहे."

"ती सामान भरतेय. कायमची चाललीय."

क्विंटनचं बोट थांबलं. त्या ओळी त्याने कशा लिहिल्या होत्या, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. वाईट पोरगा नव्हता तो. चाळीस दारं त्याच्या वाट्याला होती आणि शांत दार कुणीच वाजवत नाही.

"मी जातो," तो म्हणाला. "म्हणजे, हे उमेदवार संपले की. अजून तिघं आहेत. तुमची डॉ. प्रुएटांकडे बाराची वेळ आहे ना? आत्ताच निघा. मैदान ओलांडून जायचंय आणि बर्फावरून घसरायला होतं. त्यांना उशीर मुळीच खपत नाही. गेल्या वर्षी एकाला तीन मिनिटांसाठी दारातूनच परत पाठवलं होतं त्यांनी."

पावणेबारा झाले होते. मॅरिट जिन्यापर्यंत गेली. दोन पायऱ्या उतरली. तिथेच थांबून तिने बूट आपटले, स्वतःला एक शिवी हासडली आणि पुन्हा वर आली.

३१८ पश्चिमचं दार सताड उघडं होतं. आत बियाण्यांच्या कंपनीची टोपी घातलेला एक रुंद खांद्यांचा माणूस सूटकेसवर गुडघा रोवून चेन ओढत होता. डार्बी भिंतीला टेकून उभी होती. मॅरिट दिसताच तिचा चेहरा पांढरा पडला. सांगायला आल्या या, असंच तिला वाटलं असणार.

मॅरिटचा बिल्ला स्वेटरच्या आत गेला होता. बापाने तिला आपादमस्तक न्याहाळलं. ती कॉलेजातली पोर दिसण्याच्या वयाची नव्हती, पण बापाला तेवढं बघायचंच नव्हतं. त्याचा चेहरा उजळला.

"तू त्या चौघींतली का गं? डार्बीच्या मैत्रिणींतली?"

आई-बापांशी खोटं बोलू नये. विद्यार्थ्यांशी मैत्रीचं नातं सांगू नये. दोन्ही नियम तिला पान क्रमांकासकट पाठ होते. डार्बी तिच्याकडे बघत होती, आणि ती नजर काही मागत नव्हती. मार बसायच्या आधी माणूस बघतो तशी ती होती.

"हो," मॅरिट म्हणाली.

"बघ! आणि ही म्हणते, शनिवारी सगळ्या गावाला जातात." त्याने टोपी काढली. "मी हिचा बाप. पोरी, तुझे आभार कसे मानू? हिची आई गेल्यापासून हिच्या एकटेपणाचीच मला धास्ती होती. रविवारचा फोन झाला की मला आठवडाभर झोप लागते बघ. चल, आमच्याबरोबर जेव. पोटात काही गेल्याशिवाय मी गाडी काढत नाही."

"बाबा, तिला काम असेल."

"आहे का काम?"

भिंतीवरच्या घड्याळात बाराला दहा कमी होते. मॅरिटने ते पाहिलं. पळत गेली असती तर अजूनही पोचली असती.

"तू सांग," ती डार्बीला म्हणाली. "येऊ का मी?"

डार्बी भिंतीपासून दूर झाली. "ये," ती म्हणाली. "तू असलीस तर बरं होईल."

खालच्या भोजनगृहात शनिवारची गर्दी होती. डार्बीने आपल्या कार्डावर दोघा पाहुण्यांची जेवणं घातली. दारातच मॅरिटचा फोन पुन्हा थरथरला. तिने तो न बघताच बंद केला. गेली आपली जागा, तिने स्वतःला स्पष्ट सांगितलं, आणि सांगून झाल्यावरही काही हलकं वाटलं नाही.

रांग पुढे सरकली. वाढपाच्या काउंटरमागे केसांवर जाळी बांधलेली एक जाडजूड बाई भात ढवळत होती. डार्बीला बघताच तिने न विचारता खालून एक हिरव्या झाकणाचा डबा काढला आणि त्यात मका भरायला घेतला.

"आलीस का गं बाळा? आज उशीर केलास. कोंबडी घालू की नुसता मका?"

"आज... आज ताटात," डार्बी म्हणाली.

"ताटात?" बाईंचा डाव हवेतच राहिला. "खाली बसून जेवणार? अगं बाई! सप्टेंबरपासून मी रोज तुझा डबा भरतेय, एकदा म्हणून कधी इथे बसली नाहीस. आज काय सण आहे?"

मागे उभ्या असलेल्या बापाच्या हातातला ट्रे काउंटरला टेकला. तो लेकीकडे बघत राहिला, मग मॅरिटकडे वळला. मॅरिटने नजर चुकवली नाही.

"मी हिला आज सकाळीच भेटले," ती म्हणाली. "तेही चुकून."

रांगेतली मुलं मागून खोळंबली होती. डार्बीचे कान लाल झाले होते, आणि ती ताटातल्या रिकाम्या जागेकडे टक लावून बघत होती. शेवटी बापाने घसा खाकरला आणि काउंटरवर थोडं पुढे झुकला.

"तुम्ही रोज हिला जेवायला घालता?"

"तर! नाव नाही माहीत मला, पण मका दोन डाव लागतो आणि वाटाणे चालत नाहीत, एवढं माहितीय."

"डार्बी," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला, म्हणून त्याने पुन्हा सांगितलं. "हिचं नाव डार्बी."

बाईंनी प्लास्टिकचा हातमोजा ओढून काढला, हात ॲप्रनला पुसला आणि वाफाळत्या भांड्यांवरून डार्बीपुढे केला.

"मी योलांडा. माझी दोनला सुट्टी होते. तोवर थांबलात, तर मी पण बसेन तुमच्यात."

डार्बीने बापाकडे पाहिलं. त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली, तिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि परत खिशात ठेवून दिली. मॅरिटने चार काटे-चमचे उचलले आणि खिडकीजवळचं टेबल गाठलं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.