बावन्नाव्या मिनिटाची पाठ

बावन्नावं मिनिट निवडलं, कारण क्लब एकोणीसशे बावन्नचा. महूच्या छावणीत हवालदार असलेल्या माझ्या आजोबांनी आणखी दहा जणांना घेऊन तो काढला आणि नावही छावणी इलेव्हनच ठेवलं. आजोबा हातमोज्यांशिवाय गोलकीपिंग करायचे.

सहा वर्षांपूर्वी विक्रमजींच्या कंपनीने क्लब विकत घेतला, इंदूरला आणला आणि हातोद रस्त्यावर नवं मैदान बांधलं. तेव्हा आम्हाला आनंदच झाला होता, हेही सांगितलं पाहिजे. मग निळी जर्सी जांभळी झाली. मग नावातली छावणी गेली. आणि या जानेवारीत बातमी आली की पुढच्या मोसमापासून संघ सुरतला खेळेल. सोमवारच्या बैठकीत ठराव व्हायचा होता. त्याआधी शनिवारी इथला शेवटचा सामना होता.

माझे वडील, चांगदेव, शहात्तर वर्षांचे आहेत. पूर्व स्टँड, चौथी ओळ, डावीकडून दुसरी खुर्ची त्यांची. आई गेल्यापासून ते घराबाहेर पडतात ते बहुतेक सामन्यासाठीच. सामन्याच्या दिवशी दुपारी दोनलाच बूट घालून बसतात. क्लब गेल्यावर ते त्या बुटांचं काय करतील? बाकी लोक इतिहासासाठी भांडत होते. मी त्या बुटांसाठी.

घोषणा दिल्या तर पोलीस बाहेर काढतील, म्हणून मूक निषेध करायचा असं ठरलं. मालकांची बसायची जागा समोरच्या पश्चिम बाजूला, काचेमागे. तिच्याकडे पाहायचंच नाही. संदेश लिहायचं काम माझ्यावर आलं. मी पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, अहवाल लिहिते, म्हणून चूक होणार नाही असं सगळ्यांचं मत. मी लिहिलं:

'शनिवारी बावन्नाव्या मिनिटाला पूर्व स्टँडमधल्या सर्वांनी उभं राहून मालकांकडे पाठ करावी. वेळ तीन मिनिटं. घोषणा नकोत.'

बाबांनी चष्मा लावून तो संदेश दोनदा वाचला.

"मालकांकडे पाठ म्हणजे मैदानाकडेही पाठ."

"तीनच मिनिटं, बाबा."

"बॉल चालू असताना?"

"हो."

"तुझे आजोबा सांगायचे, बॉल चालू असताना पाठ फिरवायची नाही. विंचू चावला तरी नाही." मग चष्मा काढत म्हणाले, "तू म्हणतेस तर करतो."

संदेश मी आमच्या ग्रुपवर टाकला. पण स्टँडमधली तरुण मंडळी वेगळ्या ग्रुपवर असतात. तिथे पोचवायचं काम माझ्या भाचीकडे, म्हणजे भावाच्या मुलीकडे, संबोधीकडे होतं. ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, ढोल वाजवते, आणि तिच्या एका वाक्यात तीन भाषा असतात. "डन, आत्या," असं तिचं उत्तर आलं. मी पडताळून पाहिलं नाही. प्रयोगशाळेत मी प्रत्येक नमुना दोनदा तपासते.

शनिवारी चारला सामना सुरू झाला. पूर्व स्टँडमध्ये संध्याकाळचं ऊन सरळ डोळ्यांत येतं. शेजारी बसणाऱ्या मानसभियांनी, म्हणजे इंदुरी बोलीत मानसभाऊंनी, मला विचारलं, "दीनाजी, पूरे तीन मिनट ना?" मी हो म्हणाले. मध्यंतरापर्यंत गोल नव्हता.

बावन्नावं मिनिट लागलं तेव्हा पाच वाजून नऊ मिनिटं झाली होती. मी उठले, वळले. बाबा खुर्चीच्या पाठीला धरून उठले आणि हळूहळू वळले. आमच्या चार-पाच ओळी वळल्या. ऊन पाठीवर आलं. आता आम्ही मागच्या ओळींसमोर उभे होतो, आणि मागच्या ओळी वळलेल्याच नव्हत्या.

ती मुलं उभी होती. त्यांनी हात जोडले होते, डोळे मिटले होते, आणि ती काहीतरी म्हणत होती. आमच्या वस्तीतली बुद्धवंदना म्हणत होती, खजराना मंदिराकडची गणपतीचं स्तोत्र म्हणत होती, ज्यांना काहीच येत नव्हतं ती नुसते ओठ हलवत होती. सर्वांत वर, ढोल खाली ठेवून, संबोधी.

मला काही कळेना. आधी वाटलं, कुणीतरी गेलं की काय. मी तिला खूण केली, पण तिचे डोळे मिटलेले.

तेवढ्यात आमच्या पाठीमागे आरोळी उठली. उत्तरेकडचं स्टँड, दक्षिणेकडचं स्टँड, सगळं एकदम. बाबांची मान किंचित हलली आणि परत सरळ झाली. त्यांनी खुर्ची इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली.

"झाला का?" त्यांनी विचारलं.

"झाला असावा."

"किती मिनिटं राहिली?"

"एक मिनिट दहा सेकंद."

ते वळले नाहीत.

आम्ही एक-शून्यने जिंकलो. सामना संपल्यावर मी वर गेले.

"हे काय चाललं होतं?"

"पाठ," संबोधी म्हणाली. "तूच तो बोली थी. मालिकसाठी पाठ. मला तर लगा, आत्या किती ग्रेट आहे यार, त्यांचे पापा हॉस्पिटलमध्ये आहेत तर सगळं विसरून दुआ मागायला सांगते."

विक्रमजींचे वडील दोन दिवसांपूर्वी रुग्णालयात दाखल झाले होते. मी ते वर्तमानपत्रात वाचलं होतं आणि विसरले होते.

"मी 'पाठ करावी' लिहिलं होतं. ती पाठ. तो पाठ नाही."

"ती-तो मला कुठे कळतं, आत्या? मी हिंदीत करून डाल दिया."

तिने फोन दाखवला. 'बावनवें मिनट पे मालिक के लिए पाठ करना है. तीन मिनट. नारे नहीं.' मिनिट बरोबर होतं, वेळ बरोबर होती. मी बराच वेळ त्या ओळीत दोष शोधत राहिले.

खाली गडबड झाली. विक्रमजी स्वतः पूर्व स्टँडमध्ये आले होते. सहा वर्षांत पहिल्यांदा. बरोबर कॅमेरावाला आणि दोन माणसं. त्यांचे डोळे ओले होते, आणि ते पाणी खोटं नव्हतं असं मला आजही वाटतं. त्यांनी वाकून बाबांचे हात हातात घेतले.

"बाऊजी, मैंने ऊपर से देखा. आप लोगों ने पापा के लिए पाठ किया, और उसी वक्त गोल हुआ."

आता बोलायलाच हवं होतं. मी म्हणाले, "विक्रमजी, गैरसमज झालाय. आम्ही पाठ केली."

"जी, पाठ ही तो किया आपने."

"नाही. ही पाठ." मी हात मागे नेऊन स्वतःच्या पाठीला लावला.

ते काळजीने माझ्याकडे पाहू लागले. मग बरोबरच्या माणसाला म्हणाले, "मैडम को कुर्सी दो. कमर में तकलीफ है."

खुर्ची आली. मी उभीच राहिले.

"आणि सुरत?" मी विचारलं. "सुरतचं काय?"

"अरे, आज तो मन का बोझ उतर गया," ते म्हणाले. "मैं सोचता था, आप लोग नाराज़ होंगे. इतना प्यार हो तो दूरी क्या है? बसें लगवा दूँगा. बाऊजी की सीट वहाँ भी चौथी लाइन में."

त्यांना चौथी ओळ माहीत होती. हे कुठे ठेवावं तेच मला कळेना.

बाबांनी हात हळूच सोडवून घेतले आणि विचारलं, "गोल किसने मारा?"

विक्रमजी हसले. बरोबरच्या माणसाकडे पाहिलं. त्याने दुसऱ्याकडे पाहिलं. "मैं तो आप ही लोगों को देख रहा था, बाऊजी."

सोमवारी ठराव झाला. क्लबने एक चित्रफीत टाकली. तिच्यात मिटलेले डोळे आहेत, जोडलेले हात आहेत, आमच्या पाच ओळींच्या पाठी आहेत, आणि खाली लिहिलंय, 'हमारा परिवार'. गोलाच्या क्षणीही कॅमेरा आमच्यावरच आहे.

पुढच्या शनिवारी दोन वाजता बाबा बूट घालून बसले. कुठे जायचंय, हे मी विचारलं नाही. संबोधी आली होती. आल्यापासून ती माझी नजर चुकवत होती.

"आजोबा, चलायचं कुठे?"

"मैदानाच्या फाटकावर चहावाला असतो, तो सामना पश्चिमेकडून बघतो," बाबा म्हणाले. "त्याला विचारू. गोल डाव्या पायाने मारला की उजव्या."

मी गाडीची किल्ली घेतली.