आतली पट्टी

“मावशी, टेप तं काळी झाली ना? मंग कावून अडवून राहिल्या?” मॅनेजर प्रफुल माझ्यावर खेकसला. हुडको कॉलनीतला पोरगा, वय माझ्या जावयाएवढं, अक्कल गुडघ्यात.

थिएटरात आम्रपाली सिस्टरने ऑपरेशनच्या अवजारांचा ड्रम उघडला, तर आतली तपासणीची पट्टी पांढरीच. ड्रम घेऊन ती तडक माझ्याकडे आली. सुपेल्यातल्या या दवाखान्यात बावीस वर्षं ऑटोक्लेव्ह, अवजारं वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र, मीच लावते.

“बाहेरची टेप बाहेरच्या वाफेनं काळी होते, साहेब. आतली पट्टी आतल्या वाफेनं. आत वाफ गेलीच नाही.”

“कावून नाही गेली?”

हातच्या काकणाला आरसा कशाला? ड्रमच्या कडेची भोकं बंद होती. यंत्रात ठेवताना ती उघडायची, काढल्यावर लावायची, एवढं साधं काम. सकाळी मीच विसरले. स्वतःचा असा संताप आला. मला काढायला हा निमित्तच शोधत होता, आणि मी आयतं कोलीत दिलं त्याच्या हाती.

त्यालाही ती बंद भोकं दिसली. तो हसला. “झाकण लावा. डॉक्टर एक वाजता जातात. मी बी चूप, तुमी बी चूप. नोकरी पाहिजे ना तुमाले?”

मेल्याने नस बरोबर पकडली होती. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर माझ्या एकटीवर.

मी हातमोजा न घालता ड्रममध्ये उघडा हात घातला आणि चिमटे, कात्र्या, सगळं चाचपून वर-खाली केलं.

“लावा आता झाकण,” मी म्हटलं. “लावा ना.”

त्याचं तोंड उतरलं. त्याच्यासमोरच मी रजिस्टरात लिहिलं, भोकं बंद राहिली, चूक माझी. खाली पूर्ण नाव, भागीरथा पुंडलिक मेश्राम.

“उद्यापासून येऊ नका.”

“नाही येत. आजचा ड्रम लावून जातो.”

डॉक्टर चरफडत थांबले. भोकं उघडून मी ड्रम पुन्हा यंत्रात ठेवला आणि पाणी प्यायला बाहेर आले. बाकावर कुरुद गावची तारा बसली होती, गर्भपिशवीच्या ऑपरेशनसाठी रात्रीपासून उपाशी. मला बघताच ती भडकली.

“कोणत्या बाईनं घोळ केला म्हणते? भुकेनं जीव चाल्ला माहा.”

“मीच ते. अजून तासभर लागते.”

“लाज नाही वाटत तुले?”

“वाटते,” मी म्हटलं आणि यंत्राकडे परत गेले.