दुसरी पट्टी

झेलीला त्या दिवसातून मिळण्यासारखं पुष्कळ होतं: अत्तर जुळवण्याच्या खोलीतली खुर्ची, पांढरा कोट आणि बाटल्या विसळण्यातून कायमची सुटका. फ्रान्समधल्या ग्रास गावच्या या अत्तर कारखान्यात बाईमाणसाला असं कुणी बसवत नसे. कारखान्याचे मालक दोरेल साहेब यांची अट एकच. तिनं बनवलेला आयोनोन, म्हणजे व्हायोलेटचा कृत्रिम वास, खऱ्या व्हायोलेट फुलांच्या अर्कापुढे टिकला पाहिजे, आणि निवाडा फुलं पिकवणाऱ्यानं करायचा. तो म्हणजे तिचेच वडील, ओनोरे. ते चुकले तर कारखाना त्यांची फुलं घेणं बंद करणार होता.

आयोनोनवर तिचा हात बसला होता. गवती चहाच्या तेलातून काढलेलं सिट्राल घ्यायचं, क्षार घालून अॅसिटोनशी जुळवायचं, मग आम्लानं त्याचं रूप पालटायचं. थेट बाटलीतून हुंगला तर नुसतं लाकूड. थेंबभर स्पिरिटात उतरवला की फुललेला वाफा. खोड एवढीच, की एका हुंगण्यात नाक त्याला आंधळं होई. खऱ्या फुलातही तोच वास, म्हणून वासात बुडवलेल्या दोन कागदी पट्ट्या हुंगण्याच्या मधे, नाक ताजं व्हावं म्हणून, अंगणात फिरून यायची कारखान्याची रीत होती. शेतावर ती कुणाला ठाऊक असणार?

"माझं फूल मला कळणार नाही होय?" ओनोरे मिशीवर हात फिरवत म्हणाले. "साहेब, तुम्ही आपली बायको अंधारात ओळखता ना?"

"ती बोलली तर ओळखतो."

"पुरे बाबा, हुंगा आता," झेली म्हणाली.

तिनं आधी आपली पट्टी दिली. त्यांनी डोळे मिटले, चेहरा उजळला. तिनं लगेच दुसरी पुढे केली. फिरून या, म्हणाली नाही. साहेबांनी ते पाहिलं आणि खिडकीबाहेर बघितलं.

"हिला तर वासच नाही! पाण्यात बुडवलीस की काय? पहिली आमची. शपथेवर सांगतो."

घरी जाताना चढावर ते थांबले.

"खरं सांग पोरी. दुसरी आमची होती?"

"हो."

"म्हणजे नाक गेलं माझं."

एक वाक्य पुरलं असतं. झेली म्हणाली, "वय झालं की होतं, बाबा."

त्यांनी ऑलिव्हच्या झाडांखालचे व्हायोलेटचे सगळे वाफे खणून टाकले. पुढे जेवायला बसले की सुपाचा वाडगा तिच्याकडे सरकवत. "बघ गं, आंबलंय का? मला काय कळतंय!"

सूप ताजं असे. त्यांचं नाकही धडधाकट होतं.

साहेबांना स्वस्त माल मिळाला, झेलीला खुर्ची. किंमत एकट्या ओनोरेंनी मोजली, आणि कशाची ते त्यांना कुणी सांगितलं नाही.