नळावरची शिकवणी

उज्माला मराठी गीताबाईनं शिकवली, यावर गल्लीत दुमत नव्हतं. फक्त ही शिकवणी नळावर चालायची आणि शिकवताना कमरेला पदर खोचलेला असायचा.

फळांचा गाडा लावणाऱ्या अल्ताफची बायको होऊन उज्मा तेलंगणातल्या झहीराबादहून गेवराईत आली. गीताबाईच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. नळाला पाणी सुटलं त्या पहिल्याच दिवशी तिनं हंडा हातात धरून आपल्या दखनी उर्दू बोलीत काहीतरी विचारलं.

"मराठीत बोल," गीताबाई म्हणाली. "मला तुजं कळत न्हाई."

हे धडधडीत खोटं होतं. गेवराईच्या बाजारात जिचा उभा जन्म गेला, तिला ती बोली न कळायला काय झालं? पण नव्या सुनेला पायरी दाखवायची होती, आणि एकदा बोललेलं मागं घेणं गीताबाईला ठाऊकच नव्हतं. उज्माला मात्र ते खरं वाटलं. तिच्या माहेरी निव्वळ तेलुगू बोलणाऱ्या बायका होत्या, त्यांना कुठं उर्दू कळायची? तशीच ही, असं ती धरून चालली.

मग ती शिकली. मोठं माणूस जिथं अडतं तिथलेच शब्द उचलतं, आणि उज्मा नळावर अडत होती. 'सरक मागं', 'लई शानी हाय का', 'तोंड सांभाळ', 'भाईर ये, दावते तुला'. सगळं गीताबाईच्या तोंडचं, तिच्याच हेलात. 'बसा', 'दमलात का', 'मदत करा' हे शब्द तिला कुणी दिलेच नाहीत. वर गीताबाईचाच तिळपापड व्हायचा, की ही बया माझंच माझ्या तोंडावर फेकते.

पोरींचं निराळं होतं. गीताबाईची नात आरोही आणि उज्माची लेक अदिबा भिंतीच्या आडोशाला चिखलाच्या भाकरी थापायच्या. 'नक्को', 'माजं राज्य', 'मेरेकू दे' असं सगळं एकाच परातीत. कुठला शब्द कुणाच्या घरचा, हे त्यांना विचारूनही सांगता आलं नसतं. गीताबाई आरोहीला दंडाला धरून घरात ओढायची. "तिच्यावानी बोललीस तर थोबाड फोडीन," असं बजावायची. पोरगी थोड्या वेळानं पुन्हा पसार व्हायची.

सीताफळाच्या दिवसांतली दुपार होती. सकाळीच नळावर दोघींची जुंपली होती आणि गीताबाई अजून धुमसतच टीव्हीसमोर बसली होती. दारावर थापा पडल्या. उज्मा तिच्या बोलीत ओरडत होती.

"मराठीत बोल," गीताबाईनं बसल्या जागेवरून सुनावलं.

मग उज्मा दार बडवत किंचाळली, "भाईर ये! ए, भाईर ये! तोंड दाव!"

गीताबाई उठली. तिनं कडी घातली आणि टीव्हीचा आवाज वाढवला. "वरड किती वरडायचं ते," ती म्हणाली. तिला बरंही वाटलं.

आरोही तिचा पदर ओढत होती. "आजी, अदिबाच्या गळ्यात बी अटकलीय. तिला दम घेता येईना."

"तुला कुणी सांगितलं?"

"चाचीच सांगतीया की कवाची."

सांगितलंच होतं. पहिल्याच वाक्यात, तिच्या बोलीत. गीताबाईच्या कानावर प्रत्येक शब्द पडला होता. तिनं फक्त तो मराठी नाही एवढंच ऐकलं होतं.

तिनं कडी काढली. अदिबाचे ओठ काळेनिळे पडले होते. गीताबाईनं पोर हिसकावून मांडीवर पालथी घातली आणि पाठीत धपाधप मारलं. सीताफळाची बी फरशीवर पडली आणि अदिबानं भोकाड पसरलं. उज्मानं पोर उचलली, एकदा दाराच्या कडीकडे पाहिलं आणि ती निघून गेली.

त्यानंतर ती नळावर भांडेनाशी झाली. गीताबाईनं मुद्दाम तिचा हंडा मागं ढकलला तरी ती मुकाट उभी राहायची. गीताबाईला पोरीचं विचारायचं होतं, आणि मराठीत विचारावं तर आजवर ती भाषा तिनं या बाईवर फक्त दगडासारखी मारली होती. शेवटी एका सकाळी तिनं सगळा ताठा गिळला. आजूबाजूला कोणी नाही असं बघून ती हळूच म्हणाली, "अब कैसी है बच्ची? गला दुखता क्या?"

अगदी सफाईदार बोलली. उज्मानं मान वर केली. हंडा भरून वाहायला लागला तरी ती गीताबाईच्या तोंडाकडे बघत राहिली.

"तुला कळत हुतं," ती म्हणाली.

हे वाक्य तिला गीताबाईनं शिकवलेलं नव्हतं.