काल लावून ठेवलेला मासा

"माशाला मीठ लावून ठेवणारं माणूस असं कसं जाईल?" धाकट्याने हे डॉक्टरांना विचारलं, मावशीला विचारलं, शेवटी फ्रिज उघडून मलाच विचारलं. मी तरी काय बोलणार? मी काचेचा ट्रे. ओव्हनमध्ये जायचं आणि तापून बाहेर यायचं, एवढंच मला ठाऊक.

ताईच्या पहिल्या पगारात मी या घरी आलो. दर रविवारी ती माझ्यात बटाट्याच्या चकत्या अंथरायची. त्यावर टोमॅटो, लसूण, काळे ऑलिव्ह, मग अख्खा मासा आणि वरून ऑलिव्ह तेलाची सढळ धार.

तिचा धाकटा भाऊ फरशा बसवतो. शाळा चौथीतच सुटलेली. तो मध्ये लुडबुडला की ताई म्हणायची, "तू फक्त खायचं बघ. ओव्हनला हात लावलास तर घर पेटवशील."

"मग काय, गरमगरम जेवू!"

काल तिने मासा लावला, मला फ्रिजमध्ये ठेवलं आणि "लिंबं घेऊन आलेच" म्हणत चपला सरकवल्या. कोपऱ्यावर ट्रक आला.

आज सगळे तिला पोचवून परतले. आई कालपासून रडली नव्हती, पाण्यालाही शिवली नव्हती. मावशी मला कचऱ्याच्या डब्याकडे घेऊन निघाली.

"खाली ठेव ते!" धाकटा ओरडला.

"अरे, आज कुणाच्या घशाखाली घास उतरणारय?"

"ताईच्या हातचं आहे, मावशी. आई खाईल."

त्याने ओव्हन लालबुंद तापवला आणि मला तसंच गारठलेलं आत ढकललं. ताई मला आधी अर्धा तास ओट्यावर ठेवायची, हे त्याला कुठून माहीत असणार? माझ्या काचेत तड्याची बारीक रेघ उठली. आत्ता फुटलो, तर तिने केलेलं शेवटचं जेवण काचांसकट कचऱ्यात जाईल. मी अंग आवळून धरलं.

धाकट्याने काटे वेचून आईपुढे घास धरला. तिने तो तोंडात घेतला. चावेना, गिळेना.

"लिंबू नाही रे यात," ती म्हणाली आणि तिला हुंदका फुटला.

रडत रडतच तिने दुसरा घास घेतला. मावशीही ताट ओढून बसली. धाकटा वाढत राहिला. त्याने शेवटची चकती उचलून आईला दिली, तोवर मी कळ सोसली. मगच फुटलो.