कोमट पाण्यातली नळी

"हात नका लावू, बाई. तशीच राहू द्या तिले," कृष्णकांत म्हणाला.

अंजनाबाईंनी काचेच्या नळीकडे गेलेला हात मागे घेतला. सरकारी इस्पितळाच्या या रक्तपेढीत त्यांच्या आजवर किती खेपा झाल्या असतील, त्याला गणती नाही. पण त्या बाहेरच्या बाकावरच्या खेपा. आत, टेबलापाशी, कृष्णकांतने त्यांना आज पहिल्यांदाच स्टूल दिलं होतं. समोर कोमट पाण्याचं भांडं आणि त्यात जाळीत उभ्या केलेल्या दोन नळ्या. रक्तातला लाल भाग खाली बसवला की वर जे पिवळसर, ताकाच्या निवळीसारखं उरतं, ते त्यांत होतं. प्रत्येक नळीत अर्धं अंजनाबाईंचं, अर्धं त्यांच्या धाकट्या भावाचं, चंपतचं.

मोठ्या डॉक्टरांनीच त्यांना इकडे धाडलं होतं. "आता रक्त देऊन उपयोग नाही, उलट अपाय होतो, हे मी तुम्हाला दोनदा सांगितलं. एकदा डोळ्यांनी पाहून या," असं ते म्हणाले होते. रागाने नव्हे, थकून.

चंपतचं रक्त जन्मापासून गोठत नसे. दुधाचा दात पडला तरी उशी भिजायची. पुढे गुडघ्यांत रक्त साचून साचून गुडघे वाकडे झाले, तेव्हा तो बसल्या जागी घड्याळं दुरुस्त करायला शिकला. अंजनाबाई लग्नानंतर तिसऱ्या वर्षी कपाळ पांढरं करून माहेरी आल्या, नंदनवन वस्तीतल्या शाळेत पाणी भरायला लागल्या, आणि त्यांच्या आयुष्याला हे एकच काम उरलं. चंपतसाठी रक्त आणायचं. मारुतीच्या देवळात एकादशीला कीर्तन असे. सगळे टाळकरी उभे, एकटा चंपत पाय पसरून बसलेला. पण त्याचा टाळ कधी अर्धी मात्रा मागे पडला नाही. आरती झाली की बुवा म्हणायचे, "आपल्या चंपतले दोन बाटल्या लागतात, मंडळी," आणि हात वर व्हायचे. मग सकाळी अंजनाबाई घरोघर जाऊन माणसं गोळा करायच्या. रक्त देणाऱ्याला घरी बसवून तुपातला शिरा खाऊ घालायच्या. देवासमोर पान मांडावं तसं त्याच्यासमोर पान मांडायच्या.

कृष्णकांतने तिसऱ्या एका नळीत दोघांचं नव्याने मिसळलं. त्यात गोठवणाऱ्या औषधाचा थेंब टाकून नळी पाण्यातच हळूहळू कलती करत राहिला. पाहता पाहता आत धागा धरला आणि सगळं दह्याच्या कवडीसारखं जमून आलं.

"पाह्य, जमलं ना," अंजनाबाईंचा चेहरा उजळला. "तुमचे डॉक्टर मले काहून भेव दाखवून राहिले मंग?"

"हे आत्ता मिसळलेलं हाय, बाई. त्या दोन नळ्यांतलं तासाभरापासून सोबत हाय."

त्याने जाळीतली नळी घेतली. थेंब टाकला. कलती केली. आतलं पाण्यासारखंच इकडून तिकडे गेलं. पुन्हा कलती केली, पुन्हा तिकडून इकडे आलं. अंजनाबाई पुढे झुकल्या. पदराचं टोक त्यांच्या मुठीत चुरगळलं गेलं.

"अजून एक थेंब टाक ना गा."

त्याने दुसऱ्या नळीतही टाकला. दोन्ही नळ्या हातात धरून तो बराच वेळ हलवत राहिला. पाणी ते पाणीच.

"माझंच हाय ना हे? चुकून दुसऱ्या कोणाचं तं नाही?"

"तुमचंच हाय."

"मोठी बहीण हो मी त्याची."

कृष्णकांतने नळ्या जाळीत ठेवल्या. तोही त्याच कीर्तनातला. कधीमधी पेटीवर बसायचा. "असं पाहा, बाई. बुवा पद उचलतात, झिलकरी थे झेलतात, त्यांच्याकडून टाळवाले घेतात, टाळाकडून मृदंग. रक्तातही असे दहा-बारा जण असतात. एकानं दुसऱ्याले हात देल्ला तं रक्त गोठते. चंपतभाऊच्या रक्तात मधला एक झिलकरी जन्मापासूनच नाही. थो आपण बाहेरून आणून उभा करत होतो."

"मंग आणतोच ना आपण."

"आणतो. पण आता त्याच्या रक्तानं त्या पाहुण्याले ओळखलं. पहिल्यांदा गाऊ देते. तासभर जवळ बसवते, अन् मंग त्याचा गळा धरते."

"पयले तं असं नव्हतं."

"नव्हतं. इतक्या वर्षांत पाहुणे येत गेले, तसं थे शिकलं. आता जितकं रक्त देऊ तितका त्याचा जोर वाढते."

बाहेर कोणी बादली आपटली. आठ दिवसांपूर्वी डॉक्टरांनी पहिल्यांदा 'नको' म्हटलं, तेव्हा अंजनाबाईंना वाटलं होतं, इस्पितळात रक्त नाही म्हणून ही मंडळी टाळतात. त्या चंपतला देवाजीच्या रिक्षात घालून सदर भागातल्या एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेल्या. कीर्तनातली चार माणसं सोबत. चार बाटल्या चढल्या. दोन दिवस चंपत हसला, भाकर खाल्ली. मग मांडीच्या मुळाशी रक्त साचायला लागलं ते थांबेचना.

"कृष्णकांत," त्या म्हणाल्या, "त्या सदरच्या बाटल्यांनं काय केलं रे?"

कृष्णकांत नळावर गेला आणि धुतलेलीच एक नळी पुन्हा धुवायला लागला.

वॉर्डात चंपत भिंतीकडे तोंड करून पडला होता. पाय पोटाशी ओढलेला, चेहरा मेणासारखा. पावलं ऐकून म्हणाला, "पाहून आली का, बाई?"

"आली."

"आज एकादशी ना?"

"हो."

"बुवा हात वर करायले लावतील." धाप लागत होती त्याला. "लोकाईले नाही म्हण, बाई. सदरच्या वेळी मले माहीत होतं. डॉक्टरनं मलेही सांगतलं होतं."

"मंग काहून गेला रे तू?"

"तू शिरा करून राहिली होती," चंपत म्हणाला.

त्या संध्याकाळी देवळात मंडळी नेहमीपेक्षा जास्त होती. चंपतची जागा कोणी घेतली नव्हती. तिथली सतरंजी तेवढी रिकामी. बुवांनी भगवंत भक्ताघरी राबतो ते आख्यान लावलं होतं, आणि ते इतकं रंगलं की माणसं डोळे पुसत होती. अंजनाबाई बायकांत, खांबाशी. आख्यान त्यांच्या कानांवरून वाहून जात होतं. आरती झाली. बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या.

"मंडळी, आपला चंपत..."

एवढ्यावरच हात वर झाले. पुरुषांचे, मागच्या पोरींचे, वाणीणबाईंचा बांगड्यांनी भरलेला हात. अंजनाबाई उठल्या. देवळात त्या आजवर कधी बोलल्या नव्हत्या.

"हात खाली घ्या," त्या म्हणाल्या. "रक्त नको आता."

"नको म्हणजे?" पुढून एकाने विचारलं. "मागच्या हप्त्यात माझंच घेतलं ना तुम्ही? आता आमचं रक्त चालत नाही का?"

"माझंच नाही चाललं, भाऊ," अंजनाबाई म्हणाल्या. "आपलं देल्लेलं त्याले भोवून राहिलं. सदरले मीच नेलं. मले वाटलं, देल्लं म्हणजे भलंच होते. आता देल्लं तं तो लवकर जाईल."

बुवांनी चिपळ्या उचलल्या आणि पुन्हा खाली ठेवल्या. लोकांचे हात खाली यायला वेळ लागला. वाणीणबाईंनी आपला हात मांडीवर घेतला आणि तो दुसऱ्या हाताने झाकून ठेवला.

रिक्षावाला देवाजी मात्र हात वर धरूनच उभा होता. "मी आठ दिवसापासून घेतली नाही, बाई," तो म्हणाला. घेतली म्हणजे दारू, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "त्याच्यासाठीच थांबलो होतो. मंग मी काय करू सांगा."

"उद्या ये," अंजनाबाई म्हणाल्या. "त्याच्याजवळ बस."

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळी देवाजी आला. अंघोळ केलेली, सदरा धुतलेला. चंपतला आता बोलवत नव्हतं. डोळे अर्धे मिटलेले, पांघरुणाखाली पोट फुगलेलं. देवाजी स्टुलाच्या कडेवर टेकला. रिक्षाचं चाक बदलल्याचं त्याने सांगितलं. मग बसल्या बसल्या त्याच्या बोटांनी आपसूक सदऱ्याच्या बाहीचं बटण काढलं, बाही घडी घडी करत कोपरापर्यंत वर नेली, हात उताणा करून खाटेच्या काठावर ठेवला.

थोड्या वेळाने ते त्याच्याच ध्यानात आलं. त्याने घाईने बाही खाली ओढली. डाव्या हाताने बटण लागेना.

"थांब," अंजनाबाई म्हणाल्या. त्यांनी त्याचं मनगट आपल्या मांडीवर घेतलं, घड्या तळहाताने सारख्या केल्या, आणि चंपतकडे न पाहता बटण लावून दिलं.