मी गाजरीण बोलतेय

मी गाजरीण बोलतेय. हसा खुशाल. माझं खरं नाव अंगावर बारीक अक्षरांत छापलंय, पण ते वाचायला भिंग हवं आणि उच्चारायला दात मजबूत हवेत. चेहऱ्याला लावायचं केशरी क्रीम आणि त्याची ही तपकिरी काचेची डबी, असं दोन्ही मिळून मी.

एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे क्रीम तयार करणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. झेंडूला, गाजराला, टोमॅटोला रंग देणारी जी द्रव्यं असतात ना, कॅरोटिनॉइड म्हणतात त्यांना, ती माझ्यात आहेत. उजेडातला निळा भाग ती स्वतःवर झेलतात. झाडं आपली पानं अशीच सांभाळतात, माणसांनी ती युक्ती उचलली. गंमत बघा, उजेड झेलणं हे माझं काम आणि उजेडाशीच माझा छत्तीसचा आकडा. उघडी राहिले की रंग उडालाच. म्हणून मावशींनी मला गडद काच दिली, झाकण घट्ट फिरवलं आणि कापडाने पुसून म्हणाल्या, "नीट राहा गं." त्या माउलीचे उपकार मी कधी विसरणार नाही.

मला घेतलं नकाशे काढणाऱ्या एका मुलीने. दोन मोठ्या स्क्रीनपुढे तिचं काम, आणि डाव्या हाताला भलीमोठी खिडकी. डाव्या गालावर तिला वांग आले होते, चहा सांडावा तसे. डॉक्टरीणबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं होतं की स्क्रीनचा निळा उजेड थोडा, खिडकीतल्या उन्हातला कितीतरी जास्त, तेव्हा आधी पडदा ओढा, बाहेर टोपी घाला, सनस्क्रीन लावा. हे क्रीम मदतीला आहे, पण घाई करू नका. पोरीने त्यातलं 'क्रीम' तेवढं ऐकलं. माणसं अशीच ऐकतात, मी काय बोलणार!

पहिले काही दिवस तिने मला थापलं हो, भिंतीला गिलावा करावा तसं. ऑफिसातल्या साहेबांनी हळूच बाजूला घेऊन सांगितलं की कावीळ अंगावर काढू नका, रक्त तपासून घ्या. खोलीतली मैत्रीण हसून हसून पलंगावर आडवी पडली. 'गाजरीण' म्हणून माझं बारसं तिनेच केलं. मग मुलगी शहाणी झाली, वाटाण्याएवढंच घ्यायला लागली. उशीचा अभ्रा तेवढा पिवळा झाला तो झालाच.

आता तिच्या आईबद्दल सांगते. आई दुसऱ्या गावी एकटी राहायची. एका आजारात तिचे कान गेले होते. बोलायची छान, पण समोरच्याचं समजायचं ते ओठ बघून. रोज संध्याकाळी दोघींचा व्हिडिओ कॉल. वांग आल्यापासून मुलीने फोनवर चेहरा गुळगुळीत करणारा फिल्टर लावला होता. आईला उगाच काळजी नको, डाग गेले की काढीन, असं ती मैत्रिणीला सांगायची. मला महिने लागणार, आणि ही रोज माझ्याकडे डोळे लावून बसलेली.

त्या फिल्टरने डाग पुसले आणि ओठांच्या कडाही पुसल्या. मुलीच्या ते लक्षातच आलं नाही, कारण स्वतःकडे बघताना ती गालच बघायची. आई नुसतं हो हो म्हणायला लागली. कॉल आखडत गेले. आईला माझा कंटाळा आलाय, असं म्हणून मुलगी रुसून बसायची. आईच्या नाकावर नवा चष्मा दिसला तेव्हाही तिने फारसं विचारलं नाही.

एका संध्याकाळी मला नुकतं उघडलं होतं आणि फोन वाजला. मुलीने तो मलाच टेकवून उभा केला आणि बोलता बोलता गालावर क्रीम चोळायला लागली. हात चेहऱ्यावर आल्याबरोबर फिल्टर गडबडला आणि सुटला. पलीकडे आई बोलता बोलता थांबली.

"थांब. हात तसाच राहू दे. आज तुझं बोलणं दिसतंय मला."

मुलीने हात गालावर तसाच धरला. मग आईने सगळं सांगितलं. कितीतरी दिवस लेकीच्या तोंडाच्या जागी तिला गुलाबी धूसर काहीतरी हलताना दिसत होतं. कान गेले, आता डोळेही चालले, या धास्तीने तिने डोळे तपासले, हट्टाने चष्मा बदलून घेतला. डोळे ठीक आहेत असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा तर ती जास्तच घाबरली.

"मग म्हटलं, तुलाच माझ्याशी बोलायचं नसेल," आई म्हणाली.

मुलीने फिल्टर कायमचा काढून टाकला आणि ढसाढसा रडली. मी तिच्या गालावरून ओघळत हनुवटीपर्यंत आले. आईने गाल निरखून पाहिला आणि एवढ्यासाठी जीव टांगणीला लावलास होय, असं म्हणून ती हसायला लागली. माझा जीव भांड्यात पडला.

आज डाग फिकट झालेत, गेलेले नाहीत. श्रेय पडद्याचं, टोपीचं, सनस्क्रीनचं, थोडं माझं. चेहऱ्यावर तजेला आलाय, तो मात्र बराचसा आईमुळे. तुम्हाला एवढंच सांगणं, मला वापरलंत तर झाकण लावून अंधारात ठेवा, पण आपल्या माणसांपासून चेहरा झाकू नका.

रोज संध्याकाळी फोन अजून मलाच टेकतो. मैत्रीण कामावरून येऊन झोपलेली असते, म्हणून मुलगी आवाज न करता नुसते ओठ हलवते, आणि आईला शब्दन् शब्द कळतो. बघून बघून मलाही ओठ वाचता यायला लागलेत. काल तिने बोट फिरवून माझा तळ पुसून घेतला, मला उचलून आईला दाखवलं आणि ओठ हलवले. मी वाचलं: संपली गं.

"धुऊन ठेव तिला," आई म्हणाली. "टाकलीस तर फोन कशाला टेकवशील?"